चौतीस पावलांचे मास्तर

आमच्या कुदुगूत कराटेचा एकच वर्ग आहे, आणि त्याचा दर्जा एवढा उंच आहे की तीस वर्षांत तिथून एकालाही काळा पट्टा मिळालेला नाही. हे मी म्हणत नाही, मुमुनी लेंगानी मास्तर स्वतःच सांगतात, तेही छाती फुगवून. राजधानीत, वागात, काळे पट्टे म्हणे बाजारातल्या कांद्यासारखे मिळतात. आमच्याकडे तसलं चालत नाही. आमच्याकडे माणूस पांढरा पट्टा बांधून येतो, पिवळा, हिरवा, निळा करत तपकिरीपर्यंत पोचतो आणि तिथेच म्हातारा होतो.

मी ओदिल बाझिए. वय बेचाळीस, बाजारात शिवणाचं दुकान, पट्टा तपकिरी, तोही धुऊन धुऊन पिवळ्याकडे परत निघालेला. वर्गाचे सगळे पोशाख मीच शिवते, त्यामुळे कोण किती सुटलंय ते मला आरशाआधी कळतं. मास्तरांच्या सदऱ्याला आजवर चार वेळा पट्टी जोडली आहे. शिवाय मुलींची तुकडी मी घेते. म्हणजे शिकवते मी, आणि स्पर्धेला त्यांच्याबरोबर शिक्षक म्हणून मास्तर जातात, कारण काळ्या पट्ट्याशिवाय शिक्षक म्हणून उभं राहता येत नाही. मास्तर तिथे सावली बघून बसतात आणि मुली जिंकल्या की उठतात.

वर्ग युवा केंद्राच्या अंगणात, कडुनिंबाखाली, पाच वाजता भरतो. मास्तर खुर्चीत, मांडीवर भुईमुगाच्या शेंगा. शेंग फोडली की "एक!", दाणे तोंडात गेले की "दोन!" अशी मोजणी चालते. शिकवायची त्यांची पद्धत सोपी आहे. चुकलं की "चुकलं!" म्हणायचं. काय चुकलं ते ज्याचं त्यानं शोधायचं, त्यानं म्हणे चारित्र्य घडतं. पेलाजी ही माझ्या तुकडीतली सगळ्यात गुणी पोरगी. लाथ मारताना खालचा पाय वळवायचा असतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून माझ्याकडे येण्याआधी तिचा गुडघा दोन महिने सुजला होता. चारित्र्य बहुतेक गुडघ्यातच असावं.

मी असं बोलते म्हणून कोणी दचकू नये. मी गुरुन्सी आणि मास्तर बिस्सा. आमच्या वाडवडिलांनी कधीतरी ठरवून टाकलं की या दोन जमातींनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, आणि रागवायचं मात्र कोणीच नाही. आम्ही गुरुन्सी कुत्रं खातो आणि बिस्सा भुईमुगावर जगतात, एवढं भांडवल दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या पुरलं आहे. जो रागावला त्यानं नातं मोडलं, मग त्याला चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहत नाही. माझी आई गेली तेव्हा भरल्या घरात मास्तर तिच्या शेजारी आडवे झाले आणि म्हणाले, "म्हातारे, माझ्या वाटणीची कुत्र्याची तंगडी कुठं लपवून चाललीस?" मी रडता रडता हसले. बाकी सगळे येऊन धीराचं बोलून गेले, पण मला श्वास घेता आला तो त्या एका वाक्यानं. या माणसावर माझा जीव आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढे कदाचित तसं वाटणार नाही.

तर रोज पाच वाजता आमची प्रार्थना अशी व्हायची.

"आली का कुत्रेखाऊ! आज गावातली कुत्री मोकळी फिरतायत, मला वाटलं आजारी पडलीस की काय!"

"ए शेंगदाण्या, तू आधी उठून दाखव. उठलास तर खुर्चीपण बरोबर येईल, एवढा रुतलायस!"

चाळीस जण पोट धरून हसायचे आणि मग सराव सुरू व्हायचा.

काळ्या पट्ट्याला एक लांबलचक काता लागतो. काता म्हणजे समोर कोणी नसताना कोणीतरी आहे असं समजून करायची ठरलेली लढाई, या कात्यात चाळीस पावलं. मास्तर चौतीस शिकवतात. पस्तिसाव्याच्या तोंडावर दरवेळी काहीतरी होतं. त्यांना फोन येतो, किंवा मागच्या रांगेत कोणीतरी हसलेलं दिसतं, किंवा नुसतंच "शी! पुन्हा पहिल्यापासून!" अशी आरोळी येते. त्यामुळे पहिली चौतीस पावलं कुदुगूत जशी घोटून घेतात तशी जगात कुठे घेत नसतील. पुढची सहा आमच्या गावात कोणी पाहिलेली नव्हती.

मला ती कळली ती एका नर्समुळे. बोबो शहरातली होती, इथल्या दवाखान्यात बदलून आलेली, आणि तिच्याकडे काळा पट्टा होता. झगा शिवायला दुकानात आली, माझा तपकिरी पट्टा खिळ्याला टांगलेला बघितला आणि गप्पा सुरू झाल्या. मग दोन शिलाई यंत्रांच्या मधल्या जागेत तिनं मला उरलेली सहा पावलं दाखवली. एकदा वळताना इस्त्री पडली. पण पूर्ण काता माझ्या अंगात बसला, आणि माझ्याकडून मुलींच्या अंगात. आम्ही तो अंगणाच्या मागच्या बाजूला करायचो. मास्तर त्या वेळी नेमके दुसरीकडे बघत असायचे.

मास्तरांना पुढचं येत नाही हे नऊ वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं. नऊ वर्षं मी ते रोज, चाळीस माणसांसमोर, घसा ताणून सांगितलं. "ए शेंगदाण्या, पुढचं दाखव की! का टरफलांत हरवलं?" लोक हसून बेजार. सगळ्यात मोठ्यानं मास्तर हसायचे. "ऐका, ऐका! कुत्रेखाऊ मला काता शिकवणार!" इतक्या वेळा खरं बोलून इतक्या टाळ्या मिळवणारी बाई देशात दुसरी नसेल.

वागाची परीक्षक मंडळी दोन वर्षांतून एकदा येतात. अर्जावर मास्तरांची सही आणि दोन ओळींचा अभिप्राय लागतो. पहिल्या खेपेला मास्तरांनी अभिप्राय लिहिला, "हुशार आहे, पण कुत्रं दिसलं की परीक्षा सोडून पळेल." मुख्य परीक्षकांना एवढं हसू आलं की त्यांनी अर्ज बाकीच्या दोघांना वाचून दाखवला, मला गार पाण्याची बाटली दिली आणि परत पाठवलं. कागद मात्र आठवण म्हणून ठेवून घेतला. दुसऱ्या खेपेला मास्तरांनी अर्ज एका कुत्र्याच्या गळ्यात बांधून त्याला अंगणात सोडलं. "घे तुझी सही! पकडून खा!" मी कुत्र्यामागे धावले, आणि धावताना हसत होते. अर्ज काही हाती लागला नाही. न हसून सांगते कोणाला? रागावले असते तर नातं मोडणारी मीच ठरले असते. घरी जाऊन मात्र मी रडले.

या वर्षी तिसरी खेप. परीक्षा शनिवारी, सही शुक्रवारपर्यंत. मी बेचाळीसची, उजवा गुडघा सकाळी कुरकुरतो, पुढच्या खेपेला चव्वेचाळीसची होईन. मला तो पट्टा हवा होता. मुली मी शिकवायच्या आणि सावलीत बसून दुसऱ्यानं मिरवायचं, याचा मला वीट आला होता.

त्या सोमवारी सकाळी माझी दाढ काढली. गालात कापूस, अर्धा जबडा बधिर. पाच वाजता अंगणात गेले तेव्हा मास्तरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "आली का! आज हाड घशात अडकलं वाटतं!" मला तोंड उघडवत नव्हतं. मी वाकून नमस्कार केला, कसंबसं "नमस्कार, मास्तर. तब्येत बरी आहे ना?" म्हटलं आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

मास्तरांच्या हातातली शेंग फुटलीच नाही.

पहिल्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मास्तरांनी पुन्हा खडा टाकून बघितला, "ए कुत्रेखाऊ, जीभ पण खाल्लीस का?" मी मान खाली घालून म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, मास्तर." बास. त्या दिवशी एक-दोन मोजताना ते तीनदा चुकले. वर्ग सुटल्यावर त्यांनी युवा केंद्राचे म्हातारे राखणदार यासेंतकाका यांना कोपऱ्यात घेऊन विचारलं, "हिच्या घरी कोणी गेलं का? का माझ्याबद्दल कोणी काही सांगितलं?"

हे मला दुसऱ्या दिवशी यासेंतकाकांनीच सांगितलं. तोवर कापूस काढला होता आणि जीभ पूर्ण मोकळी झाली होती. पण ऐकता ऐकता डोक्यात उजेड पडला. वाडवडिलांनी रागवायला बंदी केली होती. नम्र वागायला कुठे केली होती?

मंगळवारी मी मास्तरांची खुर्ची पुसली. "बसा, मास्तर." त्यांना प्यायला गार झूमकूम आणून दिलं, बाजरीच्या पिठाचं, आलं घातलेलं. "घ्या, मास्तर. उन्हाचं बरं असतं." ते पेल्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की जणू मी त्यात उंदराचं औषध कालवलंय.

"ओदिल," ते म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. "काय झालंय?"

"काही नाही, मास्तर. आपल्याशी नीट वागावं म्हटलं."

"नीट? माझ्याशी? मी काय तुझा सासरा आहे?"

"मोठे आहात, मास्तर."

बुधवारी यासेंतकाका दुकानात आले. हातात कागदात बांधलेली कोलाफळं. म्हणजे मास्तरांनी रीतसर माफी मागायला माणूस धाडला होता.

"पोरी, काय केलं ग त्यानं?" काका म्हणाले. "काल जेवला नाही. बायको सांगत होती, ताट तसंच ठेवून उठला. म्हणतो, ओदिलनं मला टाकलं."

"मास्तरांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, काका."

"अगं, असं नको ना बोलू! त्यापेक्षा चार शिव्या दे, मी जाऊन पोचवतो. जशाच्या तशा पोचवीन, एक गाळणार नाही."

मी कोलाफळं दोन्ही हातांनी, अदबीनं परत केली. काका कपाळाला हात लावून गेले. मला वाईट वाटलं का? वाटलं. मजाही वाटली. मजा जास्त वाटली.

गुरुवारी वर्गात एवढी शांतता होती की शेजारच्या अंगणात बाजरी कांडत होते ते ऐकू येत होतं. थट्टा नाही, टोमणे नाहीत. आम्ही सगळ्यांनी मिळून तो लांब काता केला. चौतिसावं पाऊल पडलं आणि मास्तरांनी तोंड उघडलं. त्यातून आरोळी निघण्याआधी मी हात जोडून पुढे झाले.

"मास्तर, याच्या पुढचं आज दाखवाल का? वर्गात नेहमी इथपर्यंतच होतं."

शब्द नवे नव्हते. नऊ वर्षं हेच ओरडत आले होते. पण या वेळी कोणी हसलं नाही. चाळीस माना खुर्चीकडे वळल्या. पेलाजीचा पुढे काढलेला हात तसाच हवेत राहिला.

मास्तर उठले. अंगणाच्या मधोमध आले आणि पहिल्या पावलापासून सुरू झाले. आता एक कबूल करायला हवं. त्यांची चौतीस पावलं मी इतक्या वर्षांनी नीट पाहिली आणि मला माझीच लाज वाटली. एवढं पोट सुटलेलं, साठी उलटलेली, पण पाय जमिनीवर पडायचा तो शिवणीच्या टाक्यासारखा, नेमका हवा तिथे. असं करणारा माणूस उरलेली सहा पावलं चार दिवसांत शिकला असता.

चौतिसावर ते थांबले. फोन वाजला नाही. त्यांनी खिशातून काढून त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला.

"मला येत नाही," ते म्हणाले.

वर्ग आपोआप पांगला. कोणी कोणाला सुटलं म्हणून सांगितलं नाही. आम्ही दोघंच कडुनिंबाच्या पारावर बसलो. मास्तर पायांकडे बघत बोलत होते. त्यांना एका हवालदारानं शिकवलं होतं, इथल्या चौकीवर नेमणुकीला होता तेव्हा. चौतीस पावलं झाली आणि त्याची लांब, दोरी नावाच्या गावी बदली झाली. जाताना काळा पट्टा हातात देऊन म्हणाला, हा घेऊन ठेव, उरलेलं सुट्टीत येऊन शिकवतो. तो आलाच नाही. इकडे गावानं यांना मास्तर म्हणायला सुरुवात केली होती.

"मग कोणाला विचारायचं?" ते म्हणाले. "तुमच्या फोनवर दिसतं म्हणतात. पण ज्याला येतं असं सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्यानं बघायचं कुठे बसून?"

"मी तर रोज सांगत होते, सगळ्यांसमोर."

"पहिल्यांदा ओरडलीस ना, तेव्हा वाटलं, आता गावाला कळलं." ते हसले, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. "मग बघितलं तर सगळे हसतायत. तेव्हा कळलं, आता भीती नाही. तू ओरडत होतीस तोवर कोणाचा विश्वास बसणार नव्हता. आजारी पडून आली नाहीस ना, तर मला धास्ती वाटायची."

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. नऊ वर्षं समजत होते की मी या माणसाला उघडं पाडतेय. प्रत्यक्षात मी रोज पाच वाजता येऊन त्याच्यावर पांघरूण घालत होते आणि वर टाळ्या घेऊन घरी जात होते. पेलाजीच्या सुजलेल्या गुडघ्यावरही मी एक झकास विनोद केला होता. तो मला त्या क्षणी शब्दन् शब्द आठवला आणि स्वतःची चीड आली.

मास्तरांनी अर्ज मागितला. सही केली, अभिप्रायाच्या जागी थोडा वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं, "हिला माझ्यापेक्षा जास्त येतं." मी दोनदा वाचलं. कुत्रं कुठेच नव्हतं.

"आता तरी शिवी दे," ते म्हणाले.

"सुकलेल्या शेंगे, सही तरी सरळ रेषेत करायची होतीस!"

साठी उलटलेल्या माणसानं हुंदका द्यावा आणि त्याच वेळी खदाखदा हसावं, हे मी त्या दिवशी पाहिलं. माझंही फार वेगळं चाललं नव्हतं.

शनिवारी मुख्य परीक्षकांनी माझा अर्ज उघडला, अभिप्राय वाचला आणि टेबलावर थाप मारली. "बिस्सानं गुरुन्सीबद्दल लिहिलंय बघा! काय तिरकस माणूस आहे!" तिघं हसून हसून लाल झाले. जन्मात एकदा माणसानं खरं लिहिलं, तर त्यालाही टाळ्याच मिळाल्या. मी मधे जाऊन उभी राहिले आणि काता सुरू केला. चौतिसावर मुख्य परीक्षकांचं हसू थांबलेलं होतं. चाळिसाव्याला त्यांनी पेन उचललं. संध्याकाळी मी काळा पट्टा बांधून सायकलवरून घरी आले आणि बाजारातल्या प्रत्येक दुकानापाशी मुद्दाम सायकल हळू केली.

सोमवारी पाच वाजता मास्तर खुर्चीत नव्हते. मुलींच्या तुकडीत, शेवटच्या रांगेत, पेलाजीच्या शेजारी उभे होते. आम्ही फाटकापाशीच एकमेकांची यथेच्छ पूजा बांधून घेतली होती, त्यामुळे अंगण खुशीत होतं. मग मी सांगितलं की आजपासून शिव्या फाटकापाशी, आत फक्त काता. कोणाला पटलं नाही.

पस्तिसाव्या पावलाला मास्तरांचा पाय चुकला. दुसऱ्या वेळीही चुकला. चौथ्या वेळी मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली आणि मास्तरांनी ओळखीची वाट धरली. "काय करणार, पाय बिस्साचा आहे, गुरुन्सीचं ऐकत नाही!" सगळे हसायला टपलेलेच होते. माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर तयार होतं, फार चांगलं उत्तर होतं. ते दिलं असतं तर मास्तर सुटले असते, पुढची नऊ वर्षं.

"डावा पाय मागे, मास्तर," मी म्हटलं. "वजन टाचेवर नको. पुन्हा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हा आता सरळ खुर्चीकडे जाणार. त्यांनी डावा पाय मागे घेतला.

अकरा वेळा चुकलं. दरवेळी मी काय चुकलं ते सांगितलं आणि पुन्हा म्हटलं. हसणारे कंटाळून गप्प झाले, मग बघायला लागले. पेलाजी त्यांच्याबरोबर प्रत्येक वेळी पहिल्यापासून करत होती, कोणी सांगितलं नसताना. बाराव्या खेपेला पस्तिसावं पाऊल बरोबर पडलं. छत्तीस, सदतीस. वळताना तोल गेला, सावरला. एकोणचाळीस. शेवटचा ठोसा हवेत गेला आणि चाळीस पुरी झाली.

मास्तर तसेच उभे राहिले, मूठ पुढे, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी वाट बघितली. ते हलेनात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथवर ते कधी आलेच नव्हते, इथून बाहेर कसं पडायचं तेही त्यांना माहीत नव्हतं.

"आता हात खाली, मास्तर," मी म्हटलं. "संपलं."

त्यांनी हात हळूहळू खाली घेतला. मागे वळून त्यांनी जमिनीकडे बघितलं, जिथे शेवटच्या सहा पावलांचे ठसे धुळीत उमटले होते. अंगणाची जेमतेम दोन हात जागा.

"एवढंच होतं?" ते म्हणाले.

"एवढंच."